गगनबावड्याची रेघ

मुलांनो, एक वही घ्या. खरी नको, मनातली घ्या. ती मांडीवर ठेवा आणि हातात शिसपेन्सिल धरा. आता असं समजा, की तुम्ही एका छोट्या पांढऱ्या गाडीत डाव्या सीटवर बसला आहात. डोक्यावर हेल्मेट आहे. दोन्ही खांद्यांवरून पट्टे आलेत आणि ते इतके आवळलेत की मोठा श्वास घ्यायचा तर परवानगी काढावी लागेल. समोर शंभर मीटर रस्ता आहे, पण त्याला रस्ता म्हणायला जीभ धजत नाही. अर्धे पुरलेले दगड, त्यापुढे उंटाच्या पाठीसारखा एक उंचवटा, त्यापुढे खडी. गाडी ताशी साठ किलोमीटरनं त्यावर शिरणार आहे. तुम्हाला काम एकच. वहीत आधीच लिहून ठेवलेल्या शब्दाच्या डोक्यावर रेघ ओढायची. सरळ, एका दमात, पेन्सिल न उचलता.

जमेल?

हाच प्रश्न मी एका अकरा वर्षांच्या मुलीला विचारला होता. कोल्हापूरजवळच्या आमच्या कारखान्याच्या मागे, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, आठ वाजता.

"न जमायला काय झालं?" ती म्हणाली. "मी रोज काढतो की."

कोल्हापूरच्या मुली 'मी जाते' म्हणत नाहीत, 'मी जातो' म्हणतात. मी पुण्याहून आलेली, मला त्याची सवय व्हायची होती. मुलीचं नाव त्रिशला मगदूम. तिच्या शेजारी तिचे आजोबा उभे होते, भाऊसो मगदूम. उंच, ताठ, पांढरी टोपी, आणि डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. बाराच दिवसांपूर्वी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. दुसऱ्या डोळ्यानं त्यांना माणूस दिसे, माणसाचं नाक दिसत नसे.

मी इंदुलकर मोटर्समध्ये इंजिनियर होते, वय सत्तावीस. गाडीच्या स्प्रिंगा आणि शॉकअप माझ्याकडे. म्हणजे रस्ता आणि माणूस यांच्यामध्ये जे काही असतं, ते सगळं माझं.

या कंपनीनं त्याआधी सतरा वर्षांपूर्वी एक पराक्रम केला होता. 'शिक्रा' नावाची एक छोटी गाडी तिनं घाटातल्या रॅलीत उतरवली आणि सलग तीन वर्षं ती जिंकली. रॅली म्हणजे बंद केलेल्या रस्त्यांवरची शर्यत. गाडीत दोघं असतात. एक चालवतो. दुसरा वही उघडून पुढचं वळण वाचून सांगतो, कारण चालवणाऱ्याला ते दिसायच्या आधी कळायला हवं. या दुसऱ्याला नॅव्हिगेटर म्हणतात. कारखान्यात मात्र भाऊसोंना सगळे 'वहीवाले' म्हणायचे.

आता कंपनीला शिक्रा पुन्हा काढायची होती. शर्यतीसाठी नाही, तुमच्याआमच्यासाठी, रस्त्यावर पळवायची एक झणझणीत गाडी. पण मालकीणबाई वसुधाताई इंदुलकर यांनी एक अट घातली होती. ज्यांनी शिक्रा जिंकवली त्यांच्यापैकी भाऊसोंनी 'हो' म्हटलं, तरच तिला ते नाव मिळेल. नाही म्हटलं तर सगळं काम गुंडाळायचं आणि नेहमीच्याच गाडीला नवा रंग देऊन ती विकायची. ताई दुपारी एकला यायच्या होत्या. माझं चौदा महिन्यांचं काम होतं ते. रात्री झोपेतसुद्धा मी स्प्रिंगांचे वेढे मोजायचे.

"तिशे, गाडी कशी दिसतीय सांग," भाऊसो नातीला म्हणाले.

"पांढरी हाय आजोबा. चाकं काळी. डाव्या दारावर तिरका काळा पट्टा हाय."

"काय हाय?"

"पट्टा. तिरका."

मी पुढे झाले. अभिमानानं सांगितलं, "तुमच्या मूळ गाडीवर होता अगदी तसाच घेतलाय, भाऊसो. आमच्या डिझाइनच्या लोकांनी जुना फोटो मोठा करून त्याचा कोन मोजला. एकोणीस अंश."

भाऊसोंनी मान वळवली. "कादर! ऐकलंस का? एकोणीस अंश!"

गाडीखालून कादरचाचा बाहेर आले. तेही जुन्या रॅलीतले, मेकॅनिक. ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. भाऊसो तर गुडघ्यावर हात ठेवून वाकले.

"अहो बाई," कादरचाचा डोळे पुसत म्हणाले, "शर्यतीच्या आदल्या दिवशी उसाच्या बैलगाडीचा दांडा घासला होता त्या दाराला. हितनं हितपत्तोर. पांढरा रंग संपलेला. नंबरप्लेटचा काळा डबा होता, तोच मी फासला."

"बैल जरा उभा राहिला असता तर वीस अंश झालं असतं," भाऊसो म्हणाले.

त्रिशला तोंडावर हात ठेवून हसत होती. मलाही हसू आलं, पण लगेच एक विचार आला. चौदा महिने आम्ही त्या गाडीतून काय काय उचललं होतं, आणि त्यातलं बैलगाडीचं किती असेल?

"बरं, पट्टा ऱ्हाऊ द्या," भाऊसो म्हणाले. "गाडी शिक्रा हाय का न्हाई, ते रेघ सांगंल."

आणि मग त्यांनी मला ती चाचणी सांगितली. कुठल्याही पुस्तकात नव्हती. भाऊसो वहीत देवनागरीत लिहायचे, धावत्या गाडीत. कादरचाचांनी गाडीत काहीही बदललं, की भाऊसो एक शब्द लिहायचे, 'गगनबावडा'. त्याच घाटात शर्यत व्हायची. अक्षरं आधी लिहून घ्यायची, बिनडोक्याची. मग गाडी खडकाळीवर घालायची आणि पहिल्या निशाणापासून दुसऱ्या निशाणापर्यंत वर रेघ ओढायची. शिरोरेषा. ती बघून कादरचाचा पाना हातात घ्यायचे.

"गगनबावडाच का?" मी विचारलं.

उत्तर त्रिशलानं दिलं. "त्यात भ न्हाई, ध न्हाई, थ न्हाई. त्यांच्या डोक्यावर रेघ आपोआप तुटती. मग गाडीनं तोडली का अक्षरानं, कळणार कसं?"

 वर्गातल्या बाईंनी पोरीची पाठ थोपटावी, असं उत्तर होतं ते.

भाऊसोंना डॉक्टरांनी हादरे बंद केले होते, म्हणून ते नातीला घेऊन आले होते. तिला अक्षर त्यांनी जीपमध्ये बसवूनच शिकवलेलं. मी म्हटलं, लहान मुलीला कशाला, मी काढते रेघ, कादरचाचा चालवतील. सावकाश चाललेल्या गाडीतसुद्धा माझी रेघ अशी आली, जशी कोंबडी शाईत पाय बुडवून चालून गेली असावी.

"मग चाचा, तुम्ही?"

"मला मराठी लिहायला येत न्हाई बाई. मी उर्दूत लिहितो. आमच्यात डोक्यावर रेघच नस्ती."

तेव्हा ठरलं. गाडी मी चालवणार, कारण कारखान्यामागची ती खडकाळी मी हजार वेळा पार केली होती. रेघ त्रिशला ओढणार. तिचे पट्टे कादरचाचांनी तीनदा ओढून पाहिले, हेल्मेटमध्ये कापडाची घडी घातली.

"भाऊसो," मी खिडकीतून विचारलं, "रेघ तुम्हाला दिसणार नाही. मग हो-नाही कसं ठरवणार?"

"तिशी सांगंल."

"आणि ते तुम्ही मानणार?"

"जयसिंग माझा डायवर. सात वर्षं तो माझ्या तोंडावर वळला. पुढं दरी हाय का रस्ता, त्याला दिसत नव्हतं. मी 'डावं' म्हनलो की डावं." त्यांनी चष्मा सारखा केला. "आता बिन बघता बसायची पाळी माझी."

मी गाडी सुरू केली.

पहिला गिअर, दुसरा, तिसरा. इंजिनाचा आवाज पाठीतून वर चढला. साठ! पहिलं निशाण आलं आणि त्रिशलानं पेन्सिल टेकवली. दगडांवर गाडी शिरली मात्र, माझे दात वाजायला लागले. स्टिअरिंग हातात मासोळीसारखं उड्या मारत होतं. उंटावर, म्हणजे त्या उंचवट्यावर, आम्ही अख्खे वर उचलले गेलो आणि धाडकन खाली. दुसरं निशाण. थांबले. मी खूश होते. याला म्हणतात शर्यतीची गाडी!

"दाखव!"

तिनं वही दाखवली नाही, आधी आजोबांकडे नेली. "तुकडं झाल्यात आजोबा."

"किती?"

तिनं पेन्सिलीच्या टोकानं मोजले. "सतरा. काही नुसतं टिंबच हायत."

"ही रेघ न्हवं," भाऊसो म्हणाले, "मुंग्यांची रांग हाय."

मला राग आला. आता सांगायला हरकत नाही, चांगलाच आला. "शर्यतीच्या गाड्या कडकच असतात भाऊसो! परदेशातल्या बघा. खाली टेकलेल्या, दगडासारख्या टणक. मी सगळं वाचून स्प्रिंगा निवडल्यात."

"तिकडचा रस्ता कसा असतोय?"

"गुळगुळीत. ट्रॅक असतो."

"ताटासारखा. ताटावर गोटी पळवायची तर कडकच पायजे. आमचा रस्ता कसला होता, ते बी वाचलं का?"

कादरचाचा शांतपणे म्हणाले, "बाई, आम्ही शिक्रा काढली तवा अकरा गाड्या होत्या. सगळ्यात बारकं इंजिन आमचं. चढाला समदी पुढं जायची. आनि जिथं रस्ता फुटलेला, तिथं आम्ही त्यास्नी धरायचो. का?"



"त्यांचं चाक हवेत असायचं," त्रिशला म्हणाली. ही गोष्ट तिनं शंभरदा ऐकलेली असणार. "हवेतलं चाक नुसतं वारं घालतंय. ढकलत न्हाई, वळत न्हाई, थांबत बी न्हाई."

मुलांनो, इथं क्षणभर थांबा आणि एक रबरी चेंडू फरशीवर टाका. मग एक ओलं फडकं टाका. चेंडू उडतो, फडकं बसतं. मी चौदा महिने चेंडू बनवत होते, आणि तो उडतो म्हणून टाळ्या पिटत होते.

"कादरचाचा," मी म्हटलं, "मऊ स्प्रिंगा मिळतील?"

त्यांनी कोपऱ्यातलं गोणपाट बाजूला केलं. खाली चार स्प्रिंगा ठेवलेल्या होत्या, तेल लावून, पुसून.

"कधी आणल्यात या?"

"चार महिनं झालं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

दोन तास लागले. जॅक लावला, चाकं उतरवली. चाचा पाना चालवत होते, मी हात काळे करत होते, त्रिशला प्रत्येक नट उचलून ज्या चाकाचा त्याच चाकाच्या टोपीत ठेवत होती. भाऊसो खुर्चीवर बसून शेंगा फोडत होते आणि दर पाच मिनिटांनी विचारत होते, "पुण्याच्या बाई, वाजलं किती?"

सव्वाअकराला आम्ही पुन्हा गाडीत बसलो. पहिलं निशाण, पेन्सिल टेकली. आणि काय सांगू! दगड तेच, पण कुणीतरी त्यांच्यावर गादी घातली होती. दात वाजले नाहीत. उंट आला, गाडी वर गेली, खाली बसली, पुन्हा वर, पुन्हा खाली, पुन्हा. होडीत बसल्यासारखं वाटलं. दुसरं निशाण आलं तेव्हा गाडी अजून डोलत होती.

"पोटात ढवळायलंय," त्रिशला म्हणाली. तिनं हेल्मेट काढलं, दोन घोट पाणी प्यायली आणि आजोबांपुढे वही धरली. "तुटली न्हाई. पण सरळ बी न्हाई. दगडावर झ्याक आलीया, उंटापासनं पुढं लाटा."

"पंचगंगा!" भाऊसो म्हणाले. "बाई, तुम्ही गाडी केली का होडी?"

मी पायरीवर बसले. साडेअकरा वाजत आले होते. कडक केली तर तुटते, मऊ केली तर डोलते. मधली स्प्रिंग नव्हती, आणायला वेळ नव्हता. दीड तासात वसुधाताई येणार, भाऊसो नाही म्हणणार, आणि माझी गाडी म्हणजे एकोणीस अंशांचा पट्टा आणि बाकी काही नाही. डोळ्यांत पाणी आलं ते मी ग्रीसच्या हातांनी पुसलं, त्यामुळे नाकावरही काळा पट्टा आला.

त्रिशला येऊन शेजारी बसली. वही गुडघ्यावर ठेवून ती रेघेवरून बोट फिरवत होती. मी शिकवायला लागायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. तरी मला अजून वाटतं, मूल जेव्हा असं बोट फिरवत असतं, तेव्हा मोठ्यांनी गप्प बसावं. त्या दिवशी मी गप्प बसले ते शहाणपणानं नाही, हरल्यामुळे.

"ओ बाई."

"काय गं?"

"उंट कितीयत?"

"एकच आहे की."

"मग लाटा तीन कशा?"

मी वही हातात घेतली. डावीकडून उजवीकडे बघितलं. दगडांवर रेघ खरंच सरळ होती. 'व'वर उंटाचा एक चढ. आणि त्यानंतर, जिथं नुसती सपाट खडी होती तिथं, एक लाट, दुसरी लाट, तिसरी लाट. या लाटा रस्त्याच्या नव्हत्याच. त्या गाडी स्वतःच्या मनानं मारत होती!

मी अशी उठले, की पायरीवरचा नटांचा डबा लवंडला.

"चाचा! स्प्रिंगा बरोबर आहेत! स्प्रिंगांना हात लावू नका. शॉकअप! स्प्रिंग गाडीला वर ढकलते, शॉकअपनं तिला धरायचं असतं. आपला धरतच नाहीये. कडक स्प्रिंग फारशी हलतच नव्हती, म्हणून मी तो पार सैल ठेवलेला!"

"म्हंजे झोपाळा हाय, पन थांबवणारा न्हाई," भाऊसो खुर्चीतून म्हणाले.

"हो!"

"मग थांबवणारा बोलवा की. मला काय सांगताय?"

आमच्या चाचणीच्या शॉकअपना खाली एक स्क्रू होता. फिरवला की 'कट्' असा आवाज यायचा आणि शॉकअप एक पायरी कडक व्हायचा. किती कट् हवेत ते कोणालाच माहीत नव्हतं. मी कागदावर हिशेब मांडला, चाचांनी हातानं गाडीचा कोपरा दाबून सोडला आणि ती किती वेळा डोलते ते पाहिलं. माझा हिशेब सांगत होता पाच. चाचांचा हात सांगत होता चार.

"पाच," मी म्हटलं.

"चार," चाचा म्हणाले.

"तिशे?" भाऊसोंनी विचारलं.

"मला काय म्हाईत? दोन्ही करून बघा की!"

पाच कट् आधी केले. उंटावर दणका बसला आणि रेघ दोन ठिकाणी तुटली. मी काही न बोलता खाली उतरले, आणि चाचांनी काही न बोलता चारही कोपऱ्यांवर एकेक कट् मागे घेतला. त्या न बोलण्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

एकला दहा कमी. कारखान्याच्या फाटकाशी वसुधाताईंची जीप दिसली, धूळ उडवत येत होती. "बसा, बसा!" मी ओरडले. त्रिशलानं नवं पान काढलं. ग, ग, न, बा, व, डा. बिनडोक्याची सहा अक्षरं, टपोरी, पानभर. चाचांनी पट्टे आवळले आणि छतावर थाप मारली.

ती फेरी मी विसरणार नाही. साठला शिरले आणि दगड जणू चाकांखाली वाकून नमस्कार करत होते. आवाज येत होता, खडखड, फटफट, पण तो खालचा होता, आमच्यापर्यंत पोचत नव्हता. स्टिअरिंग दोन बोटांत राहत होतं. उंट आला. गाडी त्याच्या पाठीवरून वर चढली, खाली आली आणि बसली. एकदाच. पुढची खडी आम्ही कापडावर कात्री चालावी तशी कापली. मी ओरडत होते, काय ओरडत होते ते आठवत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्रिशलाचा हात दिसला. मनगट सैल, पेन्सिल सरकते आहे. दुसरं निशाण!

मी गाडी थांबवली. धूळ आमच्यावरून पुढे निघून गेली.

वहीत रेघ होती. सरळ. दोरी ताणावी तशी, 'ग'पासून निघालेली, उंटावरून न बिचकता गेलेली. फक्त 'डा'वर, उंटाच्या अगदी पलीकडे, केसभर जागा मोकळी होती. नखाएवढीसुद्धा नाही. तीळ ठेवला असता तर झाकली गेली असती.

खिडकीबाहेर बघितलं. वसुधाताई जीपमधून उतरत होत्या. घड्याळ काढून त्यांनी भाऊसोंना काहीतरी विचारलं, भाऊसोंनी आमच्या दिशेनं हात केला. दोघं आमच्याकडे यायला निघाले. भाऊसो सावकाश, पायांनी जमीन चाचपत.

पुढचं थोडं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमच्यातलं कुणी मधेच विचारणार नाही. ती गाडी निघाली. शिक्रा याच नावानं निघाली. गुळगुळीत रस्त्यावर तिच्याहून वेगवान गाड्या पुष्कळ होत्या. पण रस्ता फुटला, पाऊस पडून गेलेला घाट आला, की लोक तिच्या मागे पडायचे आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानात येऊन विचारायचे की हिच्यात असं काय आहे. त्या कारखान्यात पुढे जी जी तेज गाडी झाली, तिच्या स्प्रिंगा पक्क्या करायच्या आधी एक वही उघडली जायची. पुण्याहून, बंगळूरहून आलेली नवी पोरंपोरी आधी हसायची, मग आपली कोंबडीची रेघ बघून गप्प व्हायची. त्यांना ते शिकवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. रॅलीतून आमच्या गाड्यांत काय आलं, असं कुणी विचारलं की मी त्यांना पट्टा दाखवत नसे.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी, त्या मिनिटाला, मी गाडीत होते, माझी चौदा महिन्यांची मेहनत एका केसावर अडली होती, आणि ते फक्त दोघींना दिसत होतं. एक मी. दुसरी अकरा वर्षांची.

"त्रिशला," मी हळूच म्हटलं, "जोडून टाक ना ते."

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"केसाएवढं तर आहे. पेन्सिल नुसती टेकव. पोरी, वेळ संपलाय. ताई आल्या बघ."

तिच्या हातात पेन्सिल होती. टोक त्या मोकळ्या जागेच्या अगदी जवळ होतं. बाहेर भाऊसो गाडीशी पोचले. त्यांनी एक हात दारावर ठेवला, त्या काळ्या पट्ट्यावर, आणि काळ्या चष्म्याआडून बरोबर तिच्या बाजूला तोंड केलं. मागे वसुधाताई उभ्या होत्या.

"तिशे," ते म्हणाले, "कशी हाय रेघ?"

मी डोळे मिटले.

"'डा'वर एक जागा सुटलीया आजोबा," त्रिशला म्हणाली. "मागच्या चाकांचा अजून एक कट् मागं घ्याय पायजे वाटतंय. चाचांना बोलवा."

मग तिनं पान उलटलं, पट्टा स्वतःच एकदा ओढून पाहिला, आणि नव्या पानावर बिनडोक्याची सहा अक्षरं पुन्हा लिहायला घेतली.